मोहर्लीतलं बोलणं : बिट्टू सहगल आणि ‘सँक्च्युअरी’ची चाळीस वर्षं

(मोहर्लीत गाईड, जिप्सीचालक आणि होमस्टे चालवणाऱ्या मुलामुलींसमोर झालेल्या बोलण्याचा हा मजकूर. ऐकायचं असेल तर वर प्ले दाबा. रेंज नसेल तर वाचा. बोलीतली वाक्यं तशीच ठेवली आहेत.)

उद्या पहाटेच्या फेरीला तुमच्यातल्या निम्म्यांना अंधारात उठायचंय, त्यामुळे लांबड लावत नाही. मला सांगितलं होतं की पत्रकारितेवर बोला. म्हटलं बरं. पण टीव्हीवर आरडाओरडा करणाऱ्या पत्रकारितेवर मोहर्लीत येऊन काय बोलणार? म्हणून एक माणूस निवडला. तो इथला नाही. मुंबईत बसून इंग्रजीत मासिक काढतो. पण तुमच्या गेटच्या पलीकडचं जंगल आज जसं आहे, त्यात त्याच्यासारख्यांच्या कामाचा थोडा वाटा आहे. आणि त्याच्या कामात काय राहून गेलं, तेही इथेच बसून नीट दिसतं.

नाव बिट्टू सहगल. मासिकाचं नाव ‘सँक्च्युअरी एशिया’. सुरू झालं 1981 मध्ये.

आता 1981 म्हणजे काय ते जरा डोळ्यासमोर आणा. ताडोबा तेव्हा राष्ट्रीय उद्यान होतं, 1955 पासूनचं, साधारण 116 चौरस किलोमीटरचं. अंधारी अभयारण्य झालेलं नव्हतं, ते झालं 1986 मध्ये. व्याघ्र प्रकल्प व्हायला 1995 उजाडलं. बफर तर 2010 चं. व्याघ्र प्रकल्प योजना देशात 1973 ला सुरू झाली, त्यात पहिल्या नऊ जंगलांत महाराष्ट्रातलं एकच होतं, मेळघाट. म्हणजे मुंबईतल्या वाचकाला ‘मोहर्ली’ म्हटलं असतं तर त्याला आंब्याचा मोहर आठवला असता. देशात टीव्ही म्हणजे दूरदर्शन, तेही काळंपांढरं. वाघाची बातमी छापून यायची ती दोन प्रकारची. एक तर वाघाने माणूस मारला, नाही तर मंत्र्यांनी वाघ पाहिला. बास.

त्या काळात सहगल राजस्थानात रणथंबोरला जायचे. तिथे फतेहसिंह राठोड नावाचे वनाधिकारी होते. मोठ्या मिशा, डोक्यावर हॅट, तुम्ही फोटो पाहिला असेल. रणथंबोरच्या आतली गावं बाहेर हलवणारे आणि ते जंगल पुन्हा उभं करणारे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. सहगल नेहमी सांगतात की मासिकाची कल्पना राठोडांची. शेकोटीभोवती गप्पा चालायच्या, आणि राठोडांचं म्हणणं असं की शहरातल्या लोकांना हे जंगल कळलंच नाही तर ते वाचवायला कोण उभं राहणार? तुम्ही शहरातले, तुम्ही सांगा. त्यातून ‘सँक्च्युअरी’ निघालं.

आणि आता एक गोष्ट, जी अशा कौतुकाच्या कथेत कोणी जोडून सांगत नाही. त्याच 1981 मध्ये रणथंबोरजवळच्या काही गावकऱ्यांनी राठोडांना इतकं मारलं की ते मरता मरता वाचले. कारण चराईबंदी. म्हणजे मासिकाचा जन्म आणि ही मारहाण एकाच वर्षातली. मला हे दोन्ही एकत्र सांगावंसं वाटतं. जंगल वाचवायचं कोणासाठी आणि कोणाच्या जिवावर, हा प्रश्न या मासिकाच्या पाळण्यातच होता. त्याचं उत्तर चाळीस वर्षांत पूर्ण मिळालं का? त्यावर येतो.

मासिकाचा संपादक नेमकं करतो काय, हे आधी सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं इन्स्टावर पेज आहे. बातमीदार बातमी आणतो. संपादक ठरवतो की ती बातमी आहे का, खरी आहे का, आणि छापल्याने कोणाचं नुकसान होईल. फोटो आला की तो विचारतो, कधी काढला, कुठून काढला, गाडी किती अंतरावर होती, जनावराला त्रास दिला का. वाघिणीची पिल्लं कोणत्या नाल्यात आहेत हे फोटोवरून ओळखू येत असेल तर जागा लपवतो. आणि हे सगळं झालं की छपाईचे, कागदाचे, पोस्टाचे पैसे कुठून आणायचे याची चिंता करतो. जंगलावरचं मासिक चालवणं म्हणजे उन्हाळ्यात पाणवठा भरत राहण्यासारखं आहे. टँकर चुकला की संपलं. या विषयावरची किती नियतकालिकं दोन-चार वर्षांत बंद पडली! हे टिकलं, माझ्या मते हीच त्या माणसाची सगळ्यात मोठी कामगिरी. पुरस्कार वगैरे नंतर.

टिकवायला त्यांनी बाकीची माध्यमंही धरली. 1984 मध्ये मुलांसाठी ‘कब’ काढलं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनसाठी ‘प्रोजेक्ट टायगर’ आणि ‘रक्षक’ या मालिका केल्या. 2000 मध्ये शाळांसाठी ‘किड्स फॉर टायगर्स’ सुरू केलं. तुमच्याकडे जिप्सीत जे तिशी-पस्तिशीचे पाहुणे येतात आणि ‘मी लहानपणी वाघाचा मुखवटा घालून रॅलीत गेलो होतो’ म्हणतात ना, ते त्यातलेच असण्याची बरीच शक्यता आहे. पुढे 1411 चा आकडा आठवतो का कोणाला? 2008 मध्ये देशातल्या वाघांचा अंदाज आला, 1411. मग टीव्हीवर, क्रिकेटर-नटांच्या तोंडी, फोनच्या जाहिरातीत सगळीकडे तोच आकडा. त्या मोहिमेतही ‘सँक्च्युअरी’ होतं. 2022 च्या गणनेत सरासरी आकडा 3682 आला. वाढ मोजण्याच्या सुधारलेल्या पद्धतीमुळे किती आणि वाघांमुळे किती, यावर जाणकार भांडतात, भांडू द्या.

पण मोहीम म्हणजे पत्रकारिता का? हा प्रश्न मला कॉलेजच्या पोरांनी विचारलाय. सरळ उत्तर देतो. पत्रकार बाजू घेत नाही असं पुस्तकात असतं. सहगल उघड बाजू घेतात, जंगलाची. ते लपवत नाहीत, म्हणून मला चालतं. मात्र बाजू घेणाऱ्यावर एक जास्तीचा भार येतो. आपल्या बाजूची गैरसोयीची बातमीही त्याला छापावी लागते. उदाहरण सांगतो, दुसऱ्या पत्रकाराचं. सरिस्कात एकही वाघ उरला नाही, ही बातमी 2005 च्या सुरुवातीला ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये जय मजुमदार यांनी फोडली. सरकारी कागदावर तेव्हाही वाघ होते! ती बातमी वनखात्याला नको होती, पर्यटनाला नको होती, वाघप्रेमींनाही ऐकवत नव्हती. पण त्याच बातमीमुळे पंतप्रधानांनी टास्क फोर्स नेमला आणि देशाची वाघ मोजायची पद्धतच बदलली. मासिक वातावरण तयार करतं, दैनिक धक्का देतं. दोन्ही लागतं.

आता आपल्या घरच्या विषयाकडे. कोळसा.

चंद्रपूरवाल्यांना कोळसा काय ते सांगायला नको. शहराच्या एका अंगाला वेकोलिच्या खाणी, दुसऱ्या अंगाला वीजकेंद्राची धुरांडी, आणि त्या वीजकेंद्रासाठी बांधलेलं इरई धरण. ज्याचं पाणी तुम्ही मोहर्लीला येताना बघता आणि पाहुण्यांना ‘लेक व्ह्यू’ म्हणून दाखवता. वाघ आणि कोळसा इथे शेजारी राहतात. जमिनीच्या वर जंगल, खाली कोळसा, आणि दिल्लीत बसलेल्याला नकाशावर एका वेळी एकच दिसतं.

लोहारा. चंद्रपुराहून मूल रस्त्याला लागलं की येतं ते. तिथले कोळशाचे ब्लॉक तिरोड्याच्या वीजप्रकल्पासाठी अदानी समूहाच्या कंपनीला दिले गेले. 2008 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने त्याला ‘टर्म्स ऑफ रेफरन्स’ दिले. हा शब्द लक्षात ठेवा. याचा अर्थ परवानगी नव्हे. पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास कोणत्या मुद्द्यांवर करायचा, याची यादी. पण ती यादी मिळाली की गाडी रुळावर आली असं सगळे धरतात. मग अहवाल, मग जनसुनावणी, मग मंजुरी. थांबवायचं असेल तर सुरुवातीलाच.

इथे चंद्रपुरात काय झालं ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. ‘इको-प्रो’चे बंडू धोत्रे 2009 मध्ये उपोषणाला बसले. स्थानिक संघटना, डॉक्टर, वकील, व्यापारी, मराठी दैनिकांचे जिल्हा प्रतिनिधी, सगळे त्यात होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. ती जागा ताडोब्याच्या हद्दीबाहेर असेल, पण वाघ हद्दीचा दगड वाचत नाही. ताडोब्यात जन्मलेला तरुण वाघ बाहेर पडतो तो याच पट्ट्यांतून. ब्रह्मपुरीकडे जातो, गडचिरोलीकडे जातो, काही तर तेलंगणापर्यंत पोचतात. मधला पट्टा खणून टाकला तर ताडोबा हे एक बेट होतं.

हेच म्हणणं ‘सँक्च्युअरी’सारख्या मासिकाने आणि मुंबई-दिल्लीच्या संस्थांनी इंग्रजीत मांडलं. जयराम रमेश तेव्हा पर्यावरणमंत्री होते. 2010 उजाडेपर्यंत मंत्रालयाने ते टर्म्स ऑफ रेफरन्स मागे घेतले. खाण झाली नाही.

श्रेय कोणाचं? मी तर म्हणेन पहिलं चंद्रपूरचं. उपाशी इथला माणूस बसला. पण तुम्ही दिल्लीच्या मंत्रालयातल्या अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा. त्याच्या टेबलावर चंद्रपूरचं मराठी दैनिक पोचत नाही. त्याला वाचता येत नाही. इंग्रजी मासिक पोचतं, त्यात फोटो असतो, नकाशा असतो, आणि ते मासिक वर्षानुवर्षं त्याच विषयावर लिहीत आलंय हे त्याला माहीत असतं. चाळीस वर्षं एकाच विषयाला चिकटून राहिल्याचा फायदा हा. फोन उचलला जातो. इथल्या माणसाचा आवाज तिथे पोचवणारी ती तार होती. तार म्हणजे वीज नव्हे, पण तारेशिवाय दिवा लागत नाही.

आणि लोहाऱ्याचा दुसरा भागही ऐका. ब्लॉक गेल्यावर कंपनी म्हणाली, आमचा स्वस्त कोळसा गेला, वीजदर वाढवून द्या. ते वाद वीज आयोगापासून न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षं चालले. म्हणजे जंगल वाचवायची किंमत कुणाच्या तरी बिलात येते. हे सांगितलं नाही तर आपण अर्धीच बातमी सांगतो. मला विचाराल तर ती किंमत द्यावी. पण विचारलं पाहिजे, आणि सांगितलंही पाहिजे.

तुम्हाला वाटेल, झालं, वाचलं. नाही ना भाऊ. 2020 मध्ये केंद्राच्या लिलावाच्या यादीत ‘बंदर’ नावाचा ब्लॉक आला. चिमूरकडचा, ताडोब्याच्याच भ्रमणमार्गातला. पुन्हा विरोध, पुन्हा पत्रं, राज्य सरकारनेही हरकत घेतली, आणि तो यादीतून काढला. कोळसा जमिनीखालीच आहे, तो कुठे जात नाही. फाईल झोपते, मरत नाही. दैनिकाच्या बातमीदाराची दोन वर्षांत बदली होते, मंत्री बदलतो, सचिव बदलतो. आधी काय झालं होतं हे लक्षात ठेवणारा कोणी तरी लागतो. ते काम जुनं मासिक करतं.

आता राहून गेलेल्या गोष्टींकडे येतो. आदर आहे म्हणून बोलतोय.

पहिली गोष्ट भाषा. ताडोब्यावर सगळ्यात देखणं लिखाण इंग्रजीत छापलं गेलं, आणि ज्यांच्याविषयी ते होतं त्यांच्या घरी ते आलं नाही. याच्या उलटं उदाहरण आपल्याकडे आहे. मारुती चितमपल्ली, गेल्या वर्षी, म्हणजे जून 2025 मध्ये गेले. वनाधिकारी होते. पक्ष्यांची, झाडांची, जनावरांची नावं ते गोंडांकडून, ढिवरांकडून, नवेगावबांधच्या माधवराव पाटलांकडून शिकले आणि मराठीत लिहिली. त्यांच्या लेखणीने मंत्रालयातली फाईल हलली नसेल, पण नागपूर-भंडाऱ्याच्या पोरांना आपल्याच बोलीतले शब्द परत मिळाले. एकाकडे दिल्लीचा दरवाजा, दुसऱ्याकडे गावाचा. दोन्ही एकाच हातात असलेला संपादक मला अजून दिसलेला नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. भारतातल्या वन्यजीव पत्रकारितेने, फक्त ‘सँक्च्युअरी’ने नव्हे, सगळ्यांनीच, वाघाला नाव दिलं आणि माणसाला संख्या ठेवलं. माया वाघीण माहीत नाही असा माणूस इथे सापडेल का? लंडनहून पाहुणा तिचं नाव घेत उतरायचा. 20 नोव्हेंबर 2021 ला, वाघांच्या खुणा मोजायच्या कामावर असताना, कोलारा परिक्षेत्रात एक वनरक्षक तिच्याच हल्ल्यात गेली. तिचं नाव? ... बघा, मागे दोघांनी सांगितलं. स्वाती ढुमणे. मोहर्लीत सांगता येतं. पुण्या-मुंबईत मी विचारलं की लोक एकमेकांकडे बघतात.

गेल्या मे महिन्यातलं, 2025 मधलं घ्या. सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. देशभर बातमी झाली, दोन दिवस. तेंदूच्या हंगामात एका घराला किती पैसे मिळतात, बाई पहाटेच का जाते, वाकून पान तोडणारी बाई वाघाला कशी दिसते, हे कोण लिहिणार? मोहफूल वेचायला गेलेला माणूस हा ‘घुसखोर’ असतो की त्याचं जगणंच तिथे असतं? कोळसा, बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं ताडोब्याच्या आतून बाहेर आली. त्यांचं नवीन ठिकाणी काय झालं, विहिरीला पाणी लागलं का, पोरं कुठे शिकतात? फोटो भरपूर आहेत. जुन्या गावाच्या जागेवरच्या गवतात बसलेल्या वाघाचे.

न्याय म्हणून हेही सांगतो की सहगल यांच्या संस्थेने हा प्रश्न ओळखला. उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या बाजूला गोठणगावात त्यांनी शेतकऱ्यांबरोबर एक प्रयोग केला. जंगलाला लागून असलेली, रानडुक्कर आणि नीलगायीने फस्त होणारी शेती शेतकऱ्यांनी पडीक सोडायची, तिथे जंगल येऊ द्यायचं, आणि कमाई होमस्टेतून करायची, मालकी शेतकऱ्याचीच. ‘मड ऑन बूट्स’ या नावाने जंगलात राबणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांना मदतही सुरू केली. मासिकाचा संपादक जमिनीच्या सातबाऱ्यापर्यंत आला, हे मला त्याच्या मोठ्या पुरस्कारांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. प्रयोग लहान आहे. सगळ्या बफरला तो लागू पडेल का, मला शंका आहे. धानाचा शेतकरी आणि होमस्टेचा मालक यांच्या स्वभावात फरक असतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

गोठणगावचं नाव घेतलं आणि काही जण हसले. मला कळलं का. 31 डिसेंबर 2024. एफ-टू वाघीण आणि तिची पाच पिल्लं, पुढून जिप्सी, मागून जिप्सी, मध्ये ती. पर्यटकाच्याच मोबाईलवरचा व्हिडिओ. तो फिरला, नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालकांवर कारवाई झाली. पाहुणे घरी गेले, पोट मात्र इथल्या पोरांचं बंद झालं. मी त्या गाड्या थांबवण्याचं समर्थन करत नाही. पण पत्रकार म्हणून मला त्या व्हिडिओत न दिसलेलं हवं होतं. ‘वाघ दाखव, टीप देतो’ असं कोणी म्हटलं होतं का? गाडी मागे घ्यायला चालकाला जागा होती का? ते त्यांच्या तोंडून कुठे आलं?

याच्याशेजारी दुसरा एक फोटो ठेवा. 2017 मध्ये ‘सँक्च्युअरी’च्या छायाचित्र स्पर्धेत पहिला आलेला. पश्चिम बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्यातला, बिप्लब हाजरा यांनी काढलेला. हत्तीण आणि पिल्लू पळतायत, लोकांनी फेकलेल्या आगीच्या गोळ्यांनी पिल्लाला झळ लागलीये, मागे जमाव. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो छापला. एका भारतीय मासिकाने निवडलेला फोटो, आणि लंडन-न्यूयॉर्कला लोक हळहळले. आंतरराष्ट्रीय पत्रकारिता म्हणतात ती हीच, जागेवरून न हलता जगाला बघायला लावणं. पण त्या फोटोतही जमाव हा जमावच राहिला. त्या लोकांच्या भाताची नासाडी किती वर्षं चालली होती ते फोटोत येत नाही. फोटोची ती मर्यादा आहे, लिहिणाऱ्याची नसावी.

प्रश्न घ्यायला सांगितलंय. हं, ताई, बोला.

त्यांचा प्रश्न असा आहे की, आम्ही दहावी-बारावी झालेले, इंग्रजी कच्चं, कोर झोनमध्ये मोबाईल नेता येत नाही, मग आम्ही काय लिहिणार आणि कुठे देणार?

मोबाईल नेता येत नाही हे बरंच आहे, वही नेता येते. तुमच्यापैकी जो गाईड दहा वर्षं एकाच रस्त्याने जातोय त्याला माहीत असतं की कोणता पाणवठा कोणत्या महिन्यात आटतो, आणि पूर्वी कधी आटायचा. हे शास्त्रज्ञाकडेही तुटक असतं. रोज चार ओळी. तारीख, रस्ता, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं आणि दिसलं नाही. ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं लिहा. ‘म्हणतात’ ते म्हणतात म्हणून, ‘पाहिलं’ ते पाहिलं म्हणून. पिल्लांची जागा वहीतच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. घरी आल्यावर आजीला विचारून त्या झाडाचं इकडचं नाव लिहा.

द्यायचं कुठे? मराठीत ‘वनराई’ आहे, ‘भवताल’ आहे, चंद्रपूर-नागपूरच्या दैनिकांच्या पुरवण्या आहेत. मराठीतच लिहा, भाषांतर करणारा मिळतो. नाव मात्र तुमचं छापून आलं पाहिजे, आणि फोटो असेल तर त्याखालीही. ‘स्थानिक गाईडच्या मते’ एवढ्यावर सोडू नका. गाईडला आडनाव असतं. पहिला लेख परत येईल, दुसराही येईल. संपादकाला फोन करून विचारा काय कमी होतं. तो सांगेल, त्याचं कामच ते आहे.

मागचे दादा हात वर करून बसलेत. तुमचा प्रश्न घेतो आणि मग चहा. ते विचारतायत, सहगलांसारखं मासिक मोहर्लीतून निघू शकतं का? छापील नको, फोनवरचं चालेल, म्हणाले.

निघू शकतं. पहिल्या अंकाला मजकूर या खोलीतच आहे. तेराव्या अंकाला कोण लिहिणार आणि पावसाळ्यात कोर बंद असताना, पाहुण्यांचे पैसे येत नसताना, तो कोण काढणार, एवढं आधी ठरवा. त्या वेळी वेळही असतो हातात. जुलैत बसा, ऑक्टोबरला गेट उघडताना पहिला अंक काढा. त्यात सायटिंगचे फोटो किती घ्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. जामणीच्या विहिरीवर एक पान ठेवा, ते मी वाचेन.